सारंगीचा खर्च

श्रावणातल्या रविवारी नालछ्यातून मांडवगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दुपारपर्यंत तुटत नाही. इंदूर-धारचे लोक ढगांत बुडालेला जहाज महाल बघायला निघालेले असतात. मीही त्याच रांगेतून आले, पण नालछ्यालाच उतरले. मामांचं घर रस्त्यापासून थोडं आत, सोयाबीनच्या शेताला लागून आहे. मामी ओसरीवर कणसं किसत बसल्या होत्या आणि मामा चष्मा कपाळावर चढवून माझ्या वहीची पानं उलटत होते.

वही नाटकाच्या खर्चाची होती. येत्या फेब्रुवारीत इंदूरला ‘संशयकल्लोळ’चे दोन प्रयोग करायचे मी ठरवले आहेत. हॉल, दिवे, कपडे, नेपथ्याची ने-आण, चहा-नाश्ता, नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, सगळं लिहून काढलं तेव्हा पैसे कमी पडताहेत हे दिसलं. मामांनी सारी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात काढली. त्यांच्याकडे मागायला जाताना हिशोब पक्का लागतो, म्हणून वही.

“हिशोब चांगला आहे,” मामा म्हणाले. “पण साथीदार कुठायत? तबला नाही, ऑर्गन नाही, सारंगी नाही.”

“संगीत आधी रेकॉर्ड करून घेणार आहे, मामा. ट्रॅकवर गातील सगळे. तीन माणसांची नाइट वाचते, दोन्ही प्रयोगांची.”

मामांनी वही मिटून मांडीवर ठेवली. “बालगंधर्वांनी हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं, आणि तू ते ट्रॅकवर करणार?”

इथून आमचा वाद सुरू झाला. तो संध्याकाळपर्यंत चालला आणि अजून मिटलेला नाही. इथे तो मांडते आहे, कारण नाटकाचा निर्माता मोठा कशानं ठरतो, या प्रश्नाचं मामांचं उत्तर आणि माझं उत्तर यांत खरंच अंतर आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

मी म्हटलं, “मामा, गायक म्हणून तुम्ही म्हणाल ते. नट म्हणूनही. पण निर्माता म्हणून बालगंधर्वांचा दाखला मला नका देऊ. ५ जुलै १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा तिघं भागीदार होते. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व स्वतः, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. टेंब्यांकडे संगीताची जाण, बोडसांकडे नाटकाची आणि व्यवहाराची. ‘संशयकल्लोळ’चा फाल्गुनराव म्हणजे बोडसच. आधी टेंबे बाहेर पडले, मग बोडस. नारायणराव एकटे मालक उरले, आणि हिशोब विचारणारं कोणी राहिलं नाही. १९२१च्या सुमाराला कर्ज लाखाच्या पुढे गेलेलं होतं. त्या काळचे लाख रुपये! ज्या कंपनीची तिकिटं मिळत नव्हती, जिला बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रय होता, ती कंपनी कर्जात जाते कशी?”

“कशी गेली ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. ‘द्रौपदी’ नाटकातली मयसभा, खरे शालू, अत्तरं. म्हणून तर म्हणते.”

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. आवाज न चढवता वाद घालणाऱ्यांपैकी ते आहेत. बँकेत समोर बसलेल्या कर्जदारालाही असंच ऐकून घेत असतील. मग म्हणाले, “बाळ, मी पस्तीस वर्षं कर्जं दिली आणि वसूल केली. कर्ज काढणारी माणसं दोन जातीची. एक बुडवणारी आणि एक फेडणारी. बाकी सगळं नंतर. बालगंधर्वांचं कर्ज परस्पर भागवून टाकायला श्रीमंत चाहते तयार होते. त्यांनी ते घेतलं नाही. प्रयोगामागून प्रयोग केले, गावोगाव फिरले, पुढची कित्येक वर्षं गळ्यावर कर्ज फेडलं. माझ्या टेबलासमोर असा माणूस आला असता तर मी उठून उभा राहिलो असतो.”

“आणि ती कित्येक वर्षं बाकीच्यांचं काय? मामा, नाटक कंपनी म्हणजे एकटा मालक नव्हे. ते चालतं-फिरतं बिऱ्हाड असायचं. आचारी, शिंपी, पडदे ओढणारे, रंगपटवाले, पोरगेलेसे नट, त्यांचे मास्तर. मुक्काम हलला की ट्रंका, पडदे, भांडीकुंडी सगळं रेल्वेत चढायचं. धंदा नाही झाला तरी दुपारी पंगत बसायचीच. अशा बिऱ्हाडाच्या मालकानं शालूवर खर्च केला तर तो कोणाच्या ताटातून जातो?”

हे मी जरा चढ्या आवाजात बोलले. माझ्या आयुष्यातला एक प्रसंग त्यामागे होता. विशीत मी एका संस्थेच्या नाटकात काम करत होते. दौरा मध्येच बंद पडला, आणि आम्ही चौघी मुली परगावी एका धर्मशाळेत तीन दिवस परतीच्या भाड्याची वाट बघत बसलो. निर्माते कलावंत म्हणून मोठे होते, हे मी आजही म्हणेन. पण त्या तीन दिवसांत मी ठरवलं, की कधी नाटक काढलंच तर आधी परतीची तिकिटं काढीन. मामांना हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी तो मुद्दा खोडला नाही, बाजूनं गेले.

“तू न्यूयॉर्कच्या मालकांचं वाचतेस ना? त्यांचं काय होतं?”

वाचते खरी. त्याच काळात तिकडे डेव्हिड बेलास्को नावाचा निर्माता होता. १९१२च्या एका नाटकात त्यानं शहरातलं नेहमीचं उपाहारगृह, चाइल्ड्स नावाचं, जसंच्या तसं रंगमंचावर उभं केलं. लोकांना चित्र पुरेना, वस्तू लागते, हे त्यानं ओळखलं होतं. दुसरा फ्लोरेन्झ झीगफेल्ड. १९०७ पासून त्याच्या ‘फॉलीज’च्या झगमगाटानं शहर वेडं केलं, १९२७ मध्ये त्यानं ‘शो बोट’सारखं मोठं संगीत नाटक आणलं, १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत तो धुऊन निघाला आणि १९३२ मध्ये वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

“म्हणजे तोही शालूवालाच,” मामा म्हणाले.

“पण एक मोठा फरक आहे, मामा. झीगफेल्ड स्वतः रंगमंचावर उभा राहत नव्हता. तो माणसं एका नाटकापुरती घेई, नाटक उतरलं की करार संपला. आपल्याकडे मालक हाच नायक, किंवा नायिका. पैसा मिळवणारा गळा त्याचा, पैसा उधळणारा हात त्याचा आणि घरात वडीलकीही त्याचीच. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी घरात मुलगी गेली, आणि तरी नारायणराव भामिनी म्हणून उभे राहिले. तेव्हा तर ते किर्लोस्कर मंडळीत नोकरीला होते. सगळं एका गळ्यावर टेकलेलं होतं, म्हणून त्यांना थांबता आलं नाही. मला हा प्रसंग सांगून लोक डोळे पुसतात. मला त्यात व्यवस्थेचा दोष दिसतो.”

मामी कीस परतायला आत गेल्या. कढईतून मोहरी-हिंगाचा वास आला, आणि रस्त्यावर कोणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला.

“मग तुझा मोठा निर्माता कोण?” मामांनी विचारलं.

“केशवराव भोसले.”

“तेही गवईच. तेही मालकच.”

“हो. पण त्यांचं बघा. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. गरिबीतून लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत आले, ‘शारदा’त शारदा झाले, पोरवयात नाव झालं. आणि १ जानेवारी १९०८ ला हुबळीला ललितकलादर्श काढली तेव्हा वय किती? सतरा! बरं, नुसती आपल्या गळ्यासाठी काढली म्हणाल तर तसंही नाही. १९१२ मध्ये या कंपनीनं ‘दामिनी’ केलं. हिराबाई पेडणेकरांचं. एका बाईचं, तेही नायकिणीच्या घराण्यातल्या बाईचं नाटक, त्या दिवसांत. एकवीस-बावीस वर्षांच्या मालकानं. नंतर नाटककार मामा वरेरकरांना उभं केलं. १९१७ चं ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावरचं. पुराणातल्या राण्या सोडून घरातली अडचण रंगमंचावर आणायची, तीसुद्धा तिकीट लावून, याला मी निर्मात्याचं धाडस म्हणते. संगीताला रामकृष्णबुवा वझे. पडद्यांकडे लक्ष, शिस्तीकडे लक्ष.”

“आणि तेच केशवराव ८ जुलै १९२१ ला मुंबईत कोणाबरोबर उभे राहिले?”

मामा हे विचारणारच होते. संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला आणि एका रात्रीत १६ हजारांवर रक्कम जमली. मराठी नाटकाचा विषय निघाला की या रात्रीपाशी प्रत्येक जण थांबतो, आम्हीही थांबलो. मामांचे वडील धारला होते, त्या रात्री मुंबईत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मामा त्या प्रयोगाबद्दल असं बोलतात की जणू घरातल्या कोणाच्या लग्नाची गोष्ट.

“ज्यांच्यावर लाखाचं कर्ज होतं त्यांनी त्या रात्रीतला एक पैसा घेतला नाही,” मामा म्हणाले. “ही गोष्ट तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिशील?”

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं मी म्हटलं, “दोघांनीही घेतला नाही. आणि तिथून तीन महिनेही झाले नाहीत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. आता बघा, मामा, निर्मात्याची परीक्षा इथं होते. गळा गेला, मालक गेला, कंपनीनं बसायला हवं होतं. ती बसली नाही. बापूराव पेंढारकरांनी हातात घेतली. दुसऱ्या वर्षी, १९२२ मध्ये, ‘सत्तेचे गुलाम’ आणलं आणि त्यात बॉक्ससेट वापरला. गुंडाळीच्या पडद्यावर रंगवलेल्या महालाऐवजी तीन भिंतींची खोली, दाराला दार, खिडकीला खिडकी. चित्रकार पु. श्री. काळे त्यांच्याबरोबर होते. बेलास्को तिकडे जे करत होता त्याची ओढ आपल्याकडेही लागली होती, आणि ती पुरी केली मालक मेलेल्या कंपनीनं! १९३७ मध्ये बापूराव गेले. पुढे त्यांच्या मुलानं, भालचंद्र पेंढारकरांनी, तेच नाव पुन्हा उभं केलं, ‘दुरितांचे तिमिर जावो’ केलं, नाटकांची ध्वनिमुद्रणं जपली. २००८ मध्ये त्या नावाला शंभर वर्षं झाली. केशवराव स्वतः त्यातली पहिली चौदा वर्षंच होते. मी याला निर्मिती म्हणते. आपल्याशिवाय चालेल अशी वस्तू मागं ठेवणं.”

“आणि गंधर्व कंपनी?”

“१९३४ च्या अखेरीला बंद. मग प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ. एवढा रूपाचा धनी, त्याला पुरुषवेषात पडद्यावर बघायला लोक आलेच नाहीत फारसे. एक चित्रपट करून ते बाहेर पडले, पुन्हा नाटकाकडे गेले. कंपनी पुन्हा उभी केली, पण ते दिवस आले नाहीत.”

“बोलपटानं सगळ्यांनाच मारलं. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, नाटकगृहांची सिनेमागृहं झाली. तो दोष तू एकट्या नारायणरावांच्या खात्यावर टाकू नकोस.”

“नाही टाकत. पण त्यांच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाईल असं काही उरलं नाही, हे खरं आहे.”

मामा हसले. त्यांना हव्या त्या जागी मी आले होते.

“देवासला कोण राहायचं?”

“कुमारजी. कुमार गंधर्व.”

“१९४८ मध्ये आले, क्षयानं अंथरुणाला खिळलेले. आपल्या माळव्याच्या हवेवर बरे झाले. इथल्या बायकांची गाणी ऐकली, गायला लागले. आणि १९६५ मध्ये त्यांनी कार्यक्रम केला, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्व तेव्हा हयात होते. दोघांचा गळा वेगळा, रीत वेगळी. पाय थकलेल्या म्हाताऱ्या नटाकडून कुमारांनी काय उचललं असेल? शालू उचलला? मयसभा उचलली? सूर लावायची, शब्द पुढं ठेवायची, तान घेऊन वेळेवर परत यायची रीत उचलली. तू म्हणतेस काही उरलं नाही. अगं, इथून जवळच, देवासच्या एका घरात ते उरलं होतं आणि तिथून सगळीकडे गेलं.”

“ते गायक म्हणून, मामा.”

“निर्माता म्हणूनच! ऐक आता. भास्करबुवा बखल्यांना ‘स्वयंवर’च्या चालींना बसवणारा कोण? कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला नाटकाच्या खड्ड्यात आणणारा कोण? अहमदजान थिरकवा, ज्यांच्यासाठी मैफिलीत लोक रात्र जागवत, ते नटाच्या पदाला ठेका धरून बसायचे. कुठल्या हिशोबनिसानं ही रक्कम मंजूर केली असती? मी नसती केली. मी म्हटलं असतं, ठेकाच धरायचा आहे ना, गावातला माणूस घ्या. आणि मग ज्या आवाजावर दोन पिढ्यांचे कान तयार झाले, तो आवाज झालाच नसता. शालूचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. अत्तराचंही. पण तू शालू आणि सारंगी एकाच रकान्यात टाकतेस, तिथं माझं भांडण आहे.”

हा मुद्दा माझ्या मनात रुतला. उधळपट्टी म्हणून जे एका बाजूला काढून ठेवतो, त्यातला कुठला खर्च नाटकाचा प्राण आणि कुठला नुसता दिमाख, हे मी कधी निरखून पाहिलं नव्हतं. माझी चूक तेवढी कबूल. पण केशवरावांवरचं माझं मत त्यानं बदललं नाही, आणि तसं मी मामांना सांगितलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावानं ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. जळक्या लाकडांसमोर उभं राहून रडणारे कोल्हापूरकर मी टीव्हीवर पाहिले आणि मीही रडले. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी गाव असं रडतं ते फक्त गाण्यासाठी नव्हे. त्यानं काहीतरी सगळ्यांचं करून ठेवलेलं असतं.

कीस खाऊन झाल्यावर पाऊस थांबला. मामा म्हणाले, चल, जरा पाय मोकळे करू. नालछ्यात फिरताना जुने घडीव दगड कुठेही भेटतात, कुंपणात, ओट्याला, विहिरीच्या काठाला. मामांचं एक आवडतं प्रकरण आहे, ते मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला लागू पडलं.

तेराव्या शतकात या गावाला नलकच्छपूर म्हणत. मेवाडच्या मांडलगडहून स्वारीच्या भीतीनं निघालेले आशाधर नावाचे जैन पंडित आधी धारला आले, आणि मग इथे येऊन राहिले. इथल्या नेमिनाथाच्या मंदिरात बसून त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांच्याकडे काव्य शिकलेला एक विद्यार्थी होता मदन, ‘बालसरस्वती’ म्हणवला जाणारा. परमार राजा अर्जुनवर्म्याच्या विजयावर त्यानं ‘पारिजातमंजरी’ नावाची नाटिका लिहिली. धारला वसंतोत्सवात, शारदेच्या मंदिरात तिचा प्रयोग व्हायचा होता, असं तिच्या प्रस्तावनेतला सूत्रधारच सांगतो. राजानं ती नाटिका दगडावर कोरून घेतली. १९०३ मध्ये धारच्या भोजशाळेत शिळा मिळाली, का. कृ. लेल्यांनी ती उजेडात आणली. चार अंकांपैकी दोन हाती लागले.

“बालसरस्वती आणि बालगंधर्व,” मामा म्हणाले. “नावं बघ कशी जुळतात.”

“मला त्यात तुमचा राजा दिसतोय. नाटक दगडावर कोरायला किती पाथरवट लागले असतील! केवढा खर्च!”

“आणि त्या खर्चामुळे आठशे वर्षांनी आपल्याला निदान दोन अंक मिळाले.”

“आणि मला त्यात मदनाला शिकवणारा दिसतो. इथं, या गावात बसून. राजा नसता तर दगड नसता. आशाधर नसते तर दगडावर कोरायला नाटिकाच नसती.”

मामा थांबले. एका ओट्याला टेकले. “म्हणजे तुझं म्हणणं, शिकवायचाही पैसा वहीत धरायला हवा.”

“तेच म्हणतेय सकाळपासून. माझ्या नाटकात रेवतीचं काम करणारी मुलगी चांगली गाते. पण तिला ताप आला तर माझं नाटक संपलं. दुसऱ्या एका मुलीला सगळ्या तालमींना बसवायचं, पदं शिकवायची, तिलाही नाइट द्यायची, प्रयोगात उभी राहिली नाही तरी. हा खर्च मी वहीत धरला नाही, कारण परवडत नाही.”

“आणि सारंगी धरली नाहीस, कारण परवडत नाही.”

“हो.”

घरी आल्यावर मामांनी वही पुन्हा उघडली, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलनं दोन नव्या ओळी ओढल्या. एक साथीदारांची, एक दुसऱ्या रेवतीची. दोन्हींपुढची रक्कम त्यांची. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. “हप्त्याच्या तारखा तू लिही. मी सांगणार नाही. पण लिहिलेली तारीख चुकली तर मी इंदूरला येऊन बसेन.”

मी चार तारखा लिहिल्या. पहिली, दुसऱ्या प्रयोगानंतर आठ दिवसांची.

“सारंगीवाला कुठला?” त्यांनी विचारलं.

“देवासला एक तरुण मुलगा वाजवतो असं ऐकलंय.”

“मग आजच फोन कर. तालमीच्या पहिल्या दिवसापासून हवा तो. आयत्या वेळी आणून बसवलेला नको.”

“तालमीचे पैसे वेगळे पडतील, मामा.”

मामांनी वही परत मागितली.